डावीकडचे बाण

शिरूर, ६ ऑक्टोबर १९५९

चि. फरीदा हिला अब्बाची दुवा.

तुझं पाकीट काल पोचलं. मी आधी मॅचचा कागद उलगडला आणि मग पत्र वाचलं, त्यावरून नूरबी आत्या मला कालपासून बोलते आहे. "लेकीची खुशाली ऱ्हायली बाजूला, आन् बॉल कुठं पडला ते बघतोय," म्हणते. तिला काय सांगायचं! तीस वर्षं मी दौंडला सिग्नलच्या बत्त्या पुसल्या आणि त्यातली अठरा वर्षं संध्याकाळी बास्केटबॉलच्या कोर्टाकडेच्या बाकावर काढली. रिटायर झालो, तुम्हाला तिथं ठेवून गावी आलो, पण पाच वाजले की अजून पाय शिवशिवतात.

लोक स्पर्धेला गर्दी करतात. मला सरावाचा महिना आवडतो. स्पर्धेत सगळेच पळतात. सरावात कोण पळतो आणि कोण पळाल्यासारखं करतो, ते बाकावरच्या माणसालाच कळतं.

कागद बरा काढलास, पण दोन ठिकाणी बाण विसरलीस. परत सांगतो. बास्केट पडली की गोल, चुकली की फुली, शेजारी खेळणाऱ्याचा नंबर. आणि बॉल त्याच्याकडं ज्या बाजूनं आला त्या बाजूनं बाण. बाणाशिवाय गोल-फुलीला अर्थ नाही. पोरगं चुकलं की त्याला बॉल देणारा चुकला, ते बाणच सांगतो.

कॅप्टन सर्जेरावांचं कार्ड आलं आहे. पाच नोव्हेंबरला रेल्वेच्या संघाची दहा नावं बोर्डावर लागायची, त्याआधी त्यांना दरसालसारखी माझी वही हवी. कॅप्टनला खेळताना स्वतःची पाठ दिसत नाही, म्हणून ते माझ्या वहीवर नावं ठरवतात. यंदा वही तुझ्या कागदांवरून भरायची आहे, तेव्हा नीट काढ. तुझा नवरा सात नंबर, म्हणून त्याला जास्तीचा गोल नको, आणि कमीही नको. तो दहांत येणारच. दहांतल्यांना स्पर्धा संपेपर्यंत, म्हणजे मार्चपर्यंत, शेडमध्ये दिवसपाळी, फायरमन म्हणून इंजिनावर जाणं नाही, आणि तूही खूश.

मेहमूदचे डोळे आले होते ते बरे झाले ना?

तुझा अब्बा,
सुभान


दौंड, १२ ऑक्टोबर १९५९

अब्बांना सलाम.

काल पुण्याच्या संघाबरोबर मॅच झाली. आपण सहा गुणांनी हरलो. कागद सोबत आहे, या वेळी सगळे बाण काढलेत. बाकावर तुमच्या जागी मी बसते, तेव्हा शेडमधले लोक हसतात. शेजारची अनसाबाई म्हणाली, "बत्तीवाल्या सुभानमामांची गादी चालवतीय पोरगी."

यांचा खेळ काल पडला. दुसऱ्या हाफमध्ये पाच फुल्या झाल्या आणि तीनदा बॉल हातातून सुटला. मी विचारलं तर म्हणाले, "ऊन हुतं डोळ्यावर." संध्याकाळचं ऊन खरंच फार होतं, अब्बा. तुम्ही काळजी करू नका. डोळे आता बरे आहेत.

कासुर्डीचा एक संपत म्हणून नवीन आला आहे. शेडमध्ये क्लीनर आहे. वीस वर्षांचा असेल. चांगला पळतो.

तुमची,
फरीदा


शिरूर, १५ ऑक्टोबर १९५९

चि. फरीदा, दुवा.

ऊन? मला ऊन सांगतेस? त्या कोर्टावरचा मुरूम मी माझ्या हातानं पसरला आहे. दुसऱ्या हाफला आपण पाण्याच्या टाकीकडच्या खांबावर खेळतो. तेव्हा सूर्य उजव्या हाताला असतो. मेहमूदच्या पाचही फुल्यांचे बाण डावीकडून आलेले आहेत, आणि सुटलेले तीन बॉलही डावीकडून आले होते. डावीकडं ऊन कुठून आलं? उचलली जीभ लावली टाळ्याला!

मी रात्रभर त्या कागदावर बसलो नाही, दुपारच्या चहाच्या आत समजलो. डावीकडं कोण खेळतो? तुझा तो कासुर्डीचा संपत. त्याला दहांत यायचं आहे आणि त्याला सात नंबर आडवा येतो. बॉल मुद्दाम उशिरा देतो, खाली देतो, आणि नाव मेहमूदचं खराब होतं. माझा जावई साधा माणूस, तो चुगली करणार नाही. मी गप्प बसणारा नाही. सर्जेरावांना आजच कार्ड टाकलं आहे की डावीकडच्या पोरावर नजर ठेवा.

पुढचा कागद मॅच झाल्याच्या दिवशीच टाक.

अब्बा


दौंड, २० ऑक्टोबर १९५९

अब्बांना सलाम.

तुमचं कार्ड सर्जेरावांना पोचलं. का टाकलंत, अब्बा? त्यांनी शनिवारी संपतला सगळ्यांसमोर उभं केलं आणि म्हणाले, "बॉल हातात द्यायचा का डोसक्यावर मारायचा, ठरीव एकदा! डाव खेळतुयास व्हय?" पोरगा नुसता "न्हाई दादा, न्हाई दादा" करत होता. नंतर टाकीमागं जाऊन तोंड धुतलं. यांनी ते पाहिलं आणि घरी येऊन जेवले नाहीत.

परवा रविवारी सोलापूरच्या संघाबरोबरची मॅच आपण ४१-३८ अशी जिंकली. हे चांगलं खेळले. कागद पाठवते. आता संपतबद्दल कुणाला काही लिहू नका, तुम्हाला माझी शपथ. वही आहे तशी सर्जेरावांना पाठवून द्या. पाच तारीख जवळ येते आहे.

फरीदा


शिरूर, २३ ऑक्टोबर १९५९

फरीदा,

तुझा कागद समोर आहे. गोल एकोणीस. एकोणीस दुणे अडतीस. फ्री थ्रो सात. झाले पंचेचाळीस. आणि वर लिहिलंस की आपले एक्केचाळीस.

दोन गोल जास्त आहेत. मी कोणते ते शोधले. दोन्ही सात नंबरचे आहेत, दोन्हींचे बाण डावीकडून आहेत, आणि दोन्ही ठिकाणी पेन्सिल इतकी दाबली आहेस की मागून हात फिरवला तर लागते. खालच्या फुल्या तू खोडरबरानं पुसल्या आहेस. लहानपणी पाढे चुकले की अशीच दाबून लिहायचीस.

अठरा वर्षांत या वहीची बेरीज कधी चुकली नाही. हरलो तेव्हाही चुकली नाही. ज्या दिवशी दौंडला पहिल्यांदा कप आला, त्या दिवशी तुझी आई तापानं फणफणली होती आणि मी तरी बेरीज करून मग घरी आलो. चांगलं केलं असं म्हणत नाही. पण असा माणूस आहे मी, तुला माहीत आहे. मला असा कागद पाठवण्याआधी तू किती घाबरली असशील, त्याचाच विचार करतो आहे.

तिथं काय झालंय ते सरळ लिही. नाहीतर मी न्हावऱ्यावरून जी मिळेल ती एसटी पकडून येतो.

अब्बा


दौंड, २६ ऑक्टोबर १९५९

अब्बा,

येऊ नका. तुम्ही आलात तर लोक विचारतील. सगळं लिहिते. हे पत्र वाचून चुलीत टाका.

यांचे डोळे आलेच नव्हते. गणपती उठल्यावर दोन-तीन दिवसांनी पाटसच्या पुढं यांनी इंजिनातून डोकं बाहेर काढलं आणि ठिणगी डाव्या डोळ्यात गेली. घरी रुमाल धरून आले. 'डोळे आलेत' म्हणून दहा दिवसांची रजा काढली आणि पुण्याला चोरून डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, बुबुळावर डाग पडला आहे, या डोळ्याला उजेड कळेल, माणूस कळणार नाही. मी विचारलं, बरा कधी होईल? डॉक्टर आपला चष्मा पुसत बसले.

तेव्हापासून हे इंजिनावर गेलेले नाहीत. रजा संपली आणि लगेच सरावाचा महिना लागला, त्यात खेळाडूंना लाईनवर पाठवत नाहीत, म्हणून शेडमध्येच आहेत. जेवताना पाण्याचा तांब्या मी आता उजव्या हाताला ठेवते.

म्हणून हात जोडते, अब्बा. यांचं नाव दहांत आलं तर मार्चपर्यंत इंजिन नाही. कुणाच्या जिवाला धोका नाही. तोवर डोळा सुधारेल, नाहीतर काहीतरी मार्ग निघेल. नाव नाही आलं तर सहा तारखेला लाईनवर जावं लागेल. आणि आत्ताच खरं सांगितलं तर फायरमनचं काम गेलं, ड्रायव्हर व्हायचं स्वप्न गेलं, हे क्वार्टरही राहील की नाही माहीत नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, तशी चार महिने झाकू द्या. सर्जेराव तुमच्या वहीवर डोळे मिटून विश्वास ठेवतात. ते दोन गोल वहीत उतरवा. आयुष्यात दुसरं काही मागितलं नाही तुमच्याकडं.

फरीदा


शिरूर, २८ ऑक्टोबर १९५९

चि. फरीदा, आणि मेहमूद, तूही वाच.

पत्र चुलीत टाकलं. आत्याला काही सांगितलं नाही. ती विचारते, "जेवत का न्हाईस?" मी म्हणतो, दात दुखतो.

मेहमूद, तू माझ्या घरी मागणी घालायच्या आधी मी तुला तीन सीझन पाहिला होता. डाव्या बाजूनं आत घुसून डाव्या हातानं बॉल ठेवायचास, तेव्हा मी बाकावर उभा राहायचो. तुझं घर, शेती, काही पाहिलं नाही. तो डावा हात पाहिला आणि लेक दिली. तेव्हा तुझा डोळा गेला याचं दुःख मला कुणी शिकवायला नको. आणि मी काय केलं? कागदावर बाण डावीकडून दिसत होते, तरी मला माझ्या माणसाचा डोळा दिसला नाही, दुसऱ्याच्या पोराचा कावा दिसला. त्या संपतचं तोंड मी पाहिलेलं नाही आणि त्याला चारचौघांत चोर ठरवलं. माझी मलाच लाज वाटते.

आता माझं ऐका. बत्ती पुसायला मी शिडीवर चढायचो. थंडीत काच इतकी गार असायची की बोटं चिकटायची. खाली कुठली गाडी जाणार, तीत कोण बसणार, मला कधी कळलं नाही. पण इंजिनावर दोन माणसं आहेत, दोघं सिग्नल बघून एकमेकांना मोठ्यानं सांगतात, एवढं माहीत होतं. त्यातला एक न बघता सांगणार असेल, तर मी तीस वर्षं काच कुणासाठी पुसली?

फरीदा, तू म्हणतेस मार्चपर्यंत इंजिन नाही. तू एक गोष्ट विसरलीस आणि ती माझ्या छातीवर बसली आहे. बकरी ईदेला मेहमूदची इंजिनावरची पाळी कुणी घेतली होती? त्याच्या जोडीच्या फायरमननं, बाळासोनं ना? ईदेला ते आपली पाळी घेतात आणि दिवाळीला आपण त्यांची, हे माझ्या आधीपासून चालत आलं आहे. त्याला साहेबाचा हुकूम लागत नाही, नुसता शब्द लागतो. शनिवारी लक्ष्मीपूजन आहे, सराव बंद असेल, खेळाडू मोकळे असतील. बाळासोनं विचारलं तर मेहमूद नाही कसा म्हणणार? आणि हो म्हणाला तर इंजिनावर कसा चढणार? हे मला तारेनं कळवा.

वही रजिस्टरनं तुमच्याकडं पाठवतो, सर्जेरावांकडं नाही. वहीत खरे कागद शिवलेले आहेत, सोलापूरच्या मॅचचाही मी दुरुस्त करून काढलेला. दोन जादा गोलांचा कागद सुटा ठेवला आहे. कोणता द्यायचा ते मेहमूदनं ठरवावं, त्याच्याच हातानं द्यावा. मी कुणाला कार्ड टाकणार नाही. पण खोटा दिलात, तर मार्चमध्ये तो ज्या दिवशी इंजिनावर चढेल, त्या दिवशी मी त्याच गाडीत बसेन. हे रागानं लिहीत नाही.

अब्बा


शिरूर, ३ नोव्हेंबर १९५९ (कार्ड)

फरीदा, तार नाही. पत्र नाही. दिवाळी होऊन गेली. रोज स्टँडवर जातो आणि दौंडकडून आलेल्या गाडीतून उतरणाऱ्याला विचारतो, लाईनवर काही झालं का? लोक म्हणतात, "म्हातारबाबा, कशाचं काय हुतंय?" काही झालेलं नाही असं धरून चाललो आहे. दोन ओळी टाक. शिव्या दिल्यास तरी चालेल.

अब्बा


दौंड, ६ नोव्हेंबर १९५९

अब्बांना मेहमूदचा सलाम.

फरीदा लिहिणार नाही म्हणाली, म्हणून मी लिहितो. मला पत्राची सवय नाही, चूकभूल माफ करा.

तुमचं पत्र आणि वही दिवाळीच्या गडबडीत अडकली, पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी हातात आली. तोवर मी जाऊन आलो होतो. बाळासो शुक्रवारी घरी आला होता. त्याची पोरं लहान आहेत. म्हणाला, "मेहमूद, पाडव्याची एक ट्रिप मार गड्या, दिवसाचीच हाय." बकरी ईदेला मी घरी खीर खात होतो तेव्हा तो माझ्या जागी कोळसा टाकत होता. माझ्या तोंडातून 'नाही' निघालं नाही.

ड्रायव्हर बापूसाहेब होते. जाताना काही झालं नाही. मी मान सारखी वळवत होतो. ते म्हणाले, "मानंला काय झालं रं?" मी म्हटलं, लचकली. येताना यवतच्या अलीकडं वळण आहे, तिथला सिग्नल माझ्याच बाजूनं दिसतो, त्यांना बॉयलर आडवा येतो. नेमका धूर खाली बसला. चांगल्या डोळ्यातही पाणी आलं. सिग्नलचा हात पडलाय, म्हणजे जा, का आडवा आहे, म्हणजे थांब, मला कळलं नाही. बापूसाहेब ओरडले, "काय हाय?" आणि अब्बा, माझ्या तोंडातून सवयीनं गेलं, "पडलाय!"

त्यांनी गाडी सोडली. माझ्या शब्दावर सोडली. सिग्नलखालून गेलो तेव्हा मान पूर्ण वर करून पाहिलं. हात पडलेलाच होता. लाईन मोकळी होती. पण ते मला आधी माहीत नव्हतं. वळण संपेपर्यंत मी दांडी धरून उभा होतो आणि मागं किती डबे आहेत ते आठवत होतो.

दौंडला उतरल्यावर बापूसाहेब मला ओढून घरी घेऊन गेले. पाडवा होता. सोजराबाईंनी करंज्या वाढल्या. त्यांच्या तिन्ही पोरी नवे झगे घालून पुढं बसल्या होत्या. "खा की मेहमूददादा," म्हणत होत्या. मी करंजी हातातच धरून बसलो. या पोरींचा बाप मी मघाशी माझ्या अंदाजावर सोडून दिला होता.

दुसऱ्या दिवशी तुमची वही आली. फरीदानं सुटा कागद माझ्यापुढं ठेवला आणि रडली. मी तिला त्या वळणाचं सांगितलं. मग तिनंच तो कागद उचलून चुलीत घातला.

चार तारखेला सर्जेरावांना खरी वही दिली. त्यांनी पानं उलटली, परत उलटली. म्हणाले, "ह्ये समदं डावीकडनंच कसं?" मी म्हटलं, "मला डावीकडनं दिसत न्हाई, दादा. गणपतीपास्नं न्हाई." त्यांनी वही मिटली. मग त्यांनी संपतला हाक मारली आणि म्हणाले, "तुझी चूक न्हवती, पोरा." संपत माझ्याकडं बघत राहिला. मी त्याची माफी मागितली, तुमच्या वतीनंही मागितली.

बापूसाहेबांना सांगायला त्यापेक्षा जड गेलं. त्यांनी ऐकलं आणि तिथंच रुळाशेजारच्या दगडावर बसले. मला वाटलं मारतील. म्हणाले, "तू न सांगता आजून एकदा चढला असतास, तर म्या तुला कवाच माफ केलं नसतं." मग माझ्या खांद्याला धरून उठले आणि फोरमनकडं माझ्याबरोबर आले.

गुरुवारी डॉक्टरी तपासणी आहे. इंजिन गेलंच. शेडमध्ये काही काम मिळेल असं फोरमन म्हणतात, शब्द दिलेला नाही. क्वार्टरचंही तसंच. फरीदा दोन दिवस बोलली नाही. आज जेवताना तिनं पाण्याचा तांब्या डावीकडं ठेवला आणि म्हणाली, "आता मान वळवायला शिका."

काल दहा नावं लागली. सात नंबरचा बनियन संपतला मिळाला. संध्याकाळी दहा जण विरुद्ध बाकीचे अशी मॅच झाली. मी पहिल्यांदा बाकावर बसलो, तुमच्या जागेवर. आतून हात वळवळत होते, खोटं कशाला बोलू. कागद मी काढला आहे, सोबत पाठवतो. दहा जणांचे ४४ झाले. गोल अठरा, फ्री थ्रो आठ. डावीकडचे दोन-तीन बाण चुकले असतील, तिकडचं उशिरा दिसतं. पण गोल बरोबर आहेत. बेरीज करून बघा.

तुमचा,
मेहमूद


शिरूर, ९ नोव्हेंबर १९५९ (कार्ड)

मेहमूद बेटा, दुवा.

तुझा कागद वहीत शिवला. बेरीज केली नाही.

आत्याला सगळं सांगितलं. ती आधी रडली, मग मलाच म्हणाली, "हितं बसून काय करतुयास?" शनिवारच्या एसटीनं येतो. क्वार्टर राहिलं तर राहिलं, नाही तर शिरूरचं घर चौघांना पुरून उरेल, हे फरीदाला सांग. बनियन मिळाल्याबद्दल संपतला माझ्याकडून काही खाऊ घालायचं आहे, त्याला काय आवडतं ते विचारून ठेव.

रविवारी पाच वाजता बाकावर मी तुझ्या डाव्या बाजूला बसेन. तिकडून बॉल आला की सांगत जाईन. बाण तू काढ.

अब्बा